पैऱ्यानं नकाशा: आपली वाडी ओपनस्ट्रीटमॅपवर कशी आणायची

माण किंवा जत तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर पहिल्यांदा निघालेल्या माणसाला फोनमधला नकाशा डांबर संपेपर्यंत नेतो आणि सोडून देतो. पुढं "ओढा ओलांडला की डावीकडं, चिंचेपाशी वळा" हे फोन करून विचारावं लागतं. गॅसची गाडी, कुरिअरवाला, रुग्णवाहिका, नव्यानं बदलून आलेला ग्रामसेवक, सगळ्यांची तीच गत. ही वाट नकाशावर यावी म्हणून कुठल्या कंपनीची वाट बघायची गरज नाही. एक फोन, एक वही आणि रविवारची सकाळ असली की ती तुम्हीच काढू शकता. कशी काढायची, ते इथं सांगितलंय.

ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा खुला नकाशा. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला, कारण तिथल्या सरकारी नकाशांची माहिती वापरायला पैसे आणि परवानग्या लागत. यात दोन गोष्टी खुल्या आहेत. संकेतस्थळाचं आणि नकाशा काढायच्या साधनांचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढं द्यावा. आणि नकाशातली माहिती २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या डेटाबेस परवान्याखाली आहे. बाकीच्या नकाशांवर तुम्ही फक्त चित्र बघता. इथं चित्रामागची सगळी माहिती उतरवून घेता येते.

आपल्याकडं पैरा सगळ्यांना ठाऊक आहे. आज माझी बैलजोडी तुमच्या रानात, परवा तुमची माझ्या. ओपन सोर्स म्हणजे पैराच, फक्त ज्याचा पैरा आपण फेडतो तो माणूस बहुधा कधी समोर येत नाही. कुणी जर्मनीतून तुमच्या तालुक्याचा ओढा काढलेला असतो, तुम्ही त्याला नाव देता. आणि हिशेबाची वही सगळ्यांपुढं उघडी असते. कोणत्या दिवशी कुणी काय बदललं, हे कायम दिसतं.

आधी काय करू नये

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक पहिल्याच तासात होते. दुसऱ्या खिडकीत गूगलचा नकाशा उघडायचा आणि त्यातली नावं, रस्ते इकडं उतरवायचे. हे चालत नाही. त्या नकाशाच्या अटी तशी नक्कल करू देत नाहीत, आणि एकानं केलेली नक्कल सापडली की त्याचं सगळंच काम पुसावं लागतं, त्यातलं खरं कामही. छापील पर्यटन नकाशे, शाळेतला भिंतीवरचा नकाशा, सरकारी संकेतस्थळांवरचे गटनकाशे यांनाही तोच नियम: परवाना खुला असल्याचं लिहिलेलं नसेल तर हात लावायचा नाही. "सरकारी आहे म्हणजे सगळ्यांचं आहे" हा समज इथं कामाचा नाही.

मग माहिती आणायची कुठून? तीन ठिकाणांहून. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, गावातल्या माणसांनी तोंडी सांगितलेलं, आणि नकाशा काढायच्या साधनात दिलेली उपग्रहचित्रं. बिंग आणि एस्री या कंपन्यांनी त्यांची चित्रं या कामासाठी बघून रेषा काढायला परवानगी दिलेली आहे.

कायद्याचं काय, हेही लोक विचारतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं नकाशांबाबतच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पूर्वीच्या बऱ्याच परवानग्या सुटल्या. तरी लष्करी आणि तशा संवेदनशील जागांच्या नादी लागू नका. वाडीच्या नकाशाला त्यांची गरजही नाही.

खातं आणि साहित्य

ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर ईमेल देऊन खातं उघडा. वापरनाव विचार करून घ्या, कारण तुमच्या प्रत्येक बदलापुढं ते जगाला दिसतं. पूर्ण नाव आणि जन्मसाल घालायची काही गरज नाही. पसंतीच्या पानावर भाषा मराठी केली तर साधनाचा बराच भाग मराठीत येतो, काही इंग्रजीत राहतो.

बाकी साहित्य थोडं. जीपीएस असलेला फोन, पूर्ण चार्ज केलेला. पाठकोरी वही, कारण पावसात आणि उन्हात स्क्रीनपेक्षा कागद बरा. संध्याकाळसाठी माउस असलेला संगणक किंवा लॅपटॉप. टचपॅडवर घराचे कोपरे काढताना हात दुखून येतो. चाळीसेक घरांच्या वाडीला चालायला दीड-दोन तास आणि संगणकावर तीन तास धरा.

फोनमध्ये दोन ॲप टाका. स्ट्रीटकम्प्लीट हे पहिलं. तुम्ही जिथं उभे आहात तिथल्या नकाशातलं अपुरेपण ते प्रश्न करून विचारतं: या रस्त्याचा पृष्ठभाग कसला? या थांब्याला शेड आहे का? उत्तर द्यायचं आणि पुढं निघायचं. रेंज नसली तरी उत्तरं साठतात आणि रेंज आल्यावर जातात. मात्र तो भाग निघायच्या आधी उतरवून घ्यावा लागतो. पहिले दोन दिवस फक्त एवढंच करा, हात बसतो. दुसरं ओएसएमअँड, त्यानं तुमची चाललेली वाट नोंदवता येते. दोन्ही मोफत आणि ओपन सोर्स.

चालणं

वाट नोंदवायला लावण्याआधी उघड्यावर मिनिटभर थांबा. फोनला उपग्रह सापडायला वेळ लागतो. लगेच निघालात तर पहिले शंभर मीटर दारू प्यायल्यासारखे वाकडे येतात. नोंदीचं अंतर दोन-तीन सेकंदांचं ठेवा. मोकळ्या माळावर फोन साधारण पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर असतो. जावळी-पाटणच्या दऱ्यांत, दाट झाडीखाली किंवा दोन उंच भिंतींच्या बोळात तो वीस-तीस मीटरही चुकतो. म्हणून महत्त्वाच्या वाटेवरून जाताना आणि येताना दोन्ही वेळा नोंद घ्या. खरी वाट बहुधा दोन रेषांच्या मधोमध असते.

चालताना उपग्रहाला जे दिसत नाही ते टिपायचं. डांबर कुठं संपतं, मुरूम कुठं लागतो, काळ्या मातीची वाट कुठून सुरू होते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर सोडून काही जात नाही, आणि रुग्णवाहिकेला नेमकं हेच माहीत हवं. ओढ्यावर पूल आहे, फरशी आहे की नुसतं पाण्यातून जायचं. हातपंप चालू की गंजलेला. अंगणवाडी, शाळा, तालीम, समाजमंदिर, दूध संकलन केंद्र, पाण्याची टाकी. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे खड्डे, जमिनीखाली आहेत, ती कुठल्याही उपग्रहाला दिसणार नाहीत. तुमच्या गावातही असं काही ना काही असतंच, जे सांगायला माणूसच लागतो.

खाजगी घरांच्या मालकांची नावं, मोबाइल नंबर, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं, असलं काहीही लिहू नका. दुकानाच्या पाटीवरचं नाव चालतं, कारण ते त्यांनीच चारचौघांत लावलेलं आहे. कुणाच्या अंगणातून जाणारी वाट असेल तर ती काढायची गरज नाही. काढलीच तर खाजगी म्हणून खूण करा.

संगणकावर

संकेतस्थळावर लॉगइन करून आपलं गाव शोधा, नकाशा जवळ आणा आणि "संपादन" दाबा. ब्राउझरमध्येच आयडी नावाचं साधन उघडतं. पहिल्यांदा ते प्रशिक्षण देऊ का विचारतं. घ्या. अर्धा तास जातो, पण पुढचे चार तास वाचतात.

कीबोर्डवरचा १ दाबला की बिंदू, २ दाबला की रेषा, ३ दाबला की क्षेत्र. विहीर बिंदू, रस्ता रेषा, घर क्षेत्र. काढून झालं की डावीकडच्या चौकटीत ती वस्तू काय आहे ते निवडायचं. यामागं टॅग असतात: एक किल्ली, म्हणजे कशाबद्दलची नोंद, आणि तिची किंमत, म्हणजे ते काय आहे. टॅग रोमन लिपीत छोट्या अक्षरांत लिहितात. खाली त्यांचे उच्चार दिलेत.

घरं काढायच्या आधी चित्र जागेवर आहे का ते तपासा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि नंतर अख्खी वाडी रस्त्यावर येऊन बसते. फोनमधून काढलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, माउसनं ओढून आयडीच्या खिडकीत टाका, तुमची वाट रेषेसारखी दिसेल. चित्रातला रस्ता आणि ही रेषा यांत अंतर असेल तर बी दाबून पार्श्वभूमीची चौकट उघडा आणि तिथून चित्र सरकवा. सह्याद्रीच्या उतारावर एक अडचण जास्तीची आहे. डोंगराळ भागात चित्र सपाट करताना उंचीच्या फरकानं ते ताणलं जातं, त्यामुळं खालच्या आळीला लावलेली दुरुस्ती वरच्या वस्तीला लागू पडत नाही. दोन्हीकडं वेगळी तपासा. आधीपासून कुणीतरी नीट काढलेले रस्ते असतील तर त्यांच्याशीही जुळवून बघा; नव्या चित्राच्या भरवशावर जुनं सगळं सरकवू नका.

रस्त्यांचा दर्जा हे पहिलं मोठं काम. पुणे-बंगळूर महामार्ग ४८ सारखे राष्ट्रीय महामार्ग "ट्रंक", राज्यमार्ग "प्रायमरी", प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा "सेकंडरी", इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा "टर्शरी". गावाला गावाशी जोडणारा ग्रामीण रस्ता "अनक्लासिफाइड". हा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ "दर्जा माहीत नाही" असा होत नाही, टर्शरीच्या खालची ती एक नेमकी पायरी आहे. गावातल्या गल्ल्या "रेसिडेन्शियल". पाणंद आणि बैलगाडीची वाट "ट्रॅक", पायवाट "पाथ". शंका आली तर मैलाचा दगड बघा: डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्यमार्ग, भगवं असेल तर ग्रामीण. रुंदीवरून दर्जा ठरवू नका. रुंदीसाठी आणि पृष्ठभागासाठी वेगळे टॅग आहेत, आणि आपल्या भागात "सरफेस" हा टॅग दर्जापेक्षाही कामाचा. डांबरीला अस्फाल्ट, दाबलेल्या मुरमाला कॉम्पॅक्टेड, मातीला डर्ट.

पाणंदी काढताना हात आवरा. उसाच्या फडात तोडणीसाठी काढलेली गाडीवाट चित्रात ठळक दिसते, पण पुढच्या वर्षी ती नसते. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत दिसली तरच काढा; बिंग आणि एस्रीची चित्रं बहुतेक वेगळ्या तारखांची असतात, तिथं ही तपासणी होते. बांध म्हणजे वाट नव्हे. कारखान्याच्या हंगामातल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्याही घरं म्हणून काढू नका. चैत्रात जाऊन बघितलं तर तिथं मोकळं रान असतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. नवी वाट काढताना ती मुख्य रस्त्याला जोडायची असते. रेषेचं टोक रस्त्यावर नेलं की तिथं दोघांचा मिळून एक बिंदू तयार होतो. टोक रस्त्याच्या अर्धा मीटर अलीकडं थांबलं तर डोळ्याला जोडलेलं दिसतं, पण मार्ग सांगणाऱ्या ॲपसाठी तिथं दरी आहे. मग ते गाडीला पलीकडच्या गावातून सहा किलोमीटर फिरवून आणतं. साठवण्याआधी आय दाबा, अडचणींची यादी दिसते. "जवळजवळ जोडलेलं" अशा अर्थाची सूचना आली की तिथं जाऊन जोडा. उलट चूकही होते: कालव्याची रेषा आणि रस्त्याची रेषा एकमेकांना छेदतात आणि तिथं बिंदू पडतो, म्हणजे नकाशानुसार गाडी कालव्यात. तिथं रस्त्याला पूल हवा किंवा पाण्याला मोरी.

पूल काढायचा असेल तर रस्त्याच्या रेषेवर पुलाच्या दोन टोकांना बिंदू ठेवा, प्रत्येक बिंदू निवडून एक्स दाबा, रेषा तुटते. मधल्या तुकड्याला "ब्रिज येस" आणि "लेअर १". पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या फरशी पुलाला मात्र नुसतं "येस" लिहू नका. त्यासाठी ब्रिज या किल्लीची "लो वॉटर क्रॉसिंग" अशी वेगळी किंमत आहे, शब्दांच्या मधे अधोरेषा. जिथं दर वर्षी पाणी चढतं अशा तुकड्याला "फ्लड प्रोन येस" हाही टॅग आहे, तोही अधोरेषेसह. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिराळा, वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या कितीतरी गावांचे रस्ते तुटले. कुठला पूल आधी बुडतो, हे त्या गावातल्या पोरालाही माहीत असतं. बाहेरून आलेल्या बोटवाल्याला ते नकाशाच सांगणार. २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी काही दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदतपथकांनी ते वापरले. आपण निवांतपणी काढून ठेवलं तर ती धावपळ वाचते.

पाण्याच्या बाकी गोष्टी झटपट: केटी बंधारा "वेअर", कालवा "कॅनॉल", विहीर "वॉटर वेल" बिंदूनं, तासगाव-आटपाडीकडची प्लास्टिक अंथरलेली शेततळी क्षेत्रानं. हातपंपाला विहिरीच्याच टॅगखाली "पंप मॅन्युअल" जोडायचं.

घरांना फार वेळ देऊ नका. जमिनीला टेकणारा पाया काढायचा, छप्पर नाही. तिरक्या चित्रात छप्पर एका बाजूला झुकलेलं दिसतं. चारही कोपरे काढून क्यू दाबला की कोन काटकोनात येतात. जुन्या वाड्याला मधला चौक असेल तर तो वगळायला लागतो, पण सुरुवातीला नुसती बाहेरची रेष पुरे. गोठ्याला घर म्हणू नका, त्यालाही वेगळी किंमत आहे. चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या काढताना लोक हमखास सावलीच्या टोकाला बिंदू ठेवतात. खांबाचा बुंधा शोधा.

नाव

नावाचं काम सगळ्यात कमी मिनिटांचं आणि सगळ्यात जास्त भांडणाचं.

कोरेगाव तालुक्यात वाठार स्टेशन आणि वाठार किरोली, फलटणला वाठार निंबाळकर, कराडला आणखी एक वाठार. सांगलीकडं कवठे महांकाळ, कवठे एकंद, कवठे पिरान. कसबे डिग्रज वेगळं, मौजे डिग्रज वेगळं. नुसतं "वाठार" लिहिणं म्हणजे पत्ता न लिहिण्यासारखंच. खुर्द, बुद्रुक, तर्फ यांच्यासह पूर्ण नाव द्या. लोक बोलताना छोटं नाव घेत असतील तर ते "लोकल नेम" मध्ये जातं.

नकाशात "नेम" या मुख्य जागी आपल्याकडं बऱ्याचदा रोमन लिपीतलं नाव असतं. ते पुसून मराठी लिहायचा मोह आवरा, वाद होतात आणि काम अडतं. आयडीमध्ये नावाच्या चौकटीशेजारचं बहुभाषिक नावाचं बटण दाबा, मराठी निवडा आणि देवनागरी नाव तिथं भरा. फोनची भाषा मराठी ठेवणाऱ्याला ते दिसतं. इथं शुद्धलेखनाची काळजी घ्या: "वाडी" चं "वाडि" झालं की शोधताना सापडत नाही. ग्रामपंचायतीची पाटी, शाळेची पाटी आणि एसटीची पाटी यांत तीन तऱ्हा असतील तर ग्रामपंचायतीची धरा, बाकीच्या "ऑल्ट नेम" मध्ये.

धरणांमुळं उठलेली गावं हे आपल्या भागाचं खास प्रकरण. मूळ गाव पाण्याखाली आणि त्याच नावाचं पुनर्वसित गाव दुसऱ्या तालुक्यात. जुना बिंदू उचलून नव्या जागी नेऊ नका. नव्या जागी नवा बिंदू करा, आणि जुन्या जागी कुणीच राहत नसेल तर तसं नोंदवा.

काही वस्त्यांची नावं जातीवरून पडलेली होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं अशी नावं बदलण्याचा निर्णय घेतला, आणि बऱ्याच ठिकाणी नवी पाटी लागलीही आहे. नकाशात जुनं नाव दिसलं तर तिथल्या रहिवाशांना विचारून नवं भरा. नवं नाव ठरलेलंच नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: वस्ती बिनानावाची काढा, घरं आणि रस्ता काढा. जातीचं नाव आपल्या हातानं घालू नका.

वस्तीचा प्रकारही नीट निवडा. गाव "व्हिलेज", वाडी "हॅम्लेट", रानातली एक-दोन घरं "आयसोलेटेड ड्वेलिंग". आपली वाडी मोठी दिसावी म्हणून तिला "टाउन" करणारे भेटतात. दोन दिवसांत कुणीतरी ते खाली आणतं, आणि पुढं त्या माणसाच्या प्रत्येक कामाकडं संशयानं बघितलं जातं.

साठवणं, आणि त्यानंतरची माणसं

कंट्रोल आणि एस दाबलं की बदलांचं वर्णन विचारतात. इथं "अपडेट" किंवा "मॅप" लिहू नका. "वाडीतील पाणंद आणि १४ घरे, स्वतः चालून, २ मार्च" असं लिहा. स्रोताच्या चौकटीत जीपीएस, प्रत्यक्ष पाहणी, बिंग, जे खरं असेल ते. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा साठवत जा. तीन तासांचं काम एकदम साठवायला गेलात आणि वीज गेली तर आयडी परत आणायचा प्रयत्न करतो, पण भरवसा नको. शिवाय छोटे गठ्ठे इतरांना तपासायला सोपे जातात. सातारा आणि जत एकाच गठ्ठ्यात कधीही नको, कारण मग त्या बदलाची चौकट अर्ध्या पश्चिम महाराष्ट्राएवढी दिसते.

काही दिवसांनी अनोळखी माणसाची टिप्पणी येईल: "हा रस्ता ट्रॅक का केला?" हा हल्ला नसतो. ओपन सोर्समध्ये काम तपासणं हीच शिस्त आहे. काय पाहिलं ते दोन ओळींत सांगा. चुकलं असेल तर "बरोबर, दुरुस्त करतो" एवढं पुरतं. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, समोरचा भाषांतर करून घेतो. आणि उत्तरच न देणं हे चुकण्यापेक्षा वाईट मानलं जातं.

दुसऱ्याचं काढलेलं पुसण्याआधी त्याचा इतिहास बघा. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी चालून काढलेली पायवाट तुमच्या चित्रात झाडीमुळं दिसत नसेल. जागेवर जाऊन नाही म्हणून खात्री झाली तरच पुसा. स्वतःच्या हातून गडबड झालीच तर घाबरू नका, प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते आणि बदल मागे घेता येतो. मात्र हातानं एकेक उलटवत बसण्यापेक्षा अनुभवी माणसाला विचारा. अर्धवट उलटवलेलं काम मूळ चुकीपेक्षा जास्त त्रास देतं.

साठवल्यावर नकाशात लगेच दिसलं नाही म्हणून पुन्हा काढणारेही आहेत. मग एका घरावर दोन घरं बसतात. संकेतस्थळाचं चित्र ताजं व्हायला काही मिनिटं ते काही तास लागतात, ब्राउझर जुनं चित्र धरून ठेवतो ते वेगळंच. ऑफलाइन ॲपमध्ये तर नवा नकाशा उतरवेपर्यंत, म्हणजे काही आठवडेही, जुनंच दिसत राहतं.

चौघांनी मिळून करायचं असेल तर

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हे काम चांगलं होतं. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी लिनक्स ही ओपन सोर्स संगणकप्रणाली वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट असतात. त्यातला एक जण सोबत असला तर बरं. गावाचे रस्त्यांनी भाग पाडा, प्रत्येक भागाला दोघं: एक चालणारा, एक लिहिणारा. संध्याकाळी ज्याचा भाग त्यानंच काढायचा. दोघं एकाच चौकात काम करायला लागले की साठवताना संघर्षाची सूचना येते आणि कुणाचं तरी काम हरवतं. नव्या दहा जणांमागं एक तरी अनुभवी हवा, आणि त्यानं त्याच रात्री सगळ्यांचे बदल तपासायचे. दुसऱ्या दिवसावर ढकललं की राहतंच.

वापर

ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवला की रेंज नसतानाही वाट दिसते. छापायचा असेल तर क्यूजीआयएस हे ओपन सोर्स साधन आहे, पण सुरुवातीला संकेतस्थळावरच्या "शेअर" बटणातून चित्र उतरवणं पुरतं. कुठंही छापा, विका, फ्लेक्सवर लावा, परवाना आड येत नाही. अट एकच: कोपऱ्यात "© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते" ही ओळ हवी. ही माहिती घेऊन तुम्ही स्वतःचा डेटाबेस वाढवून लोकांना दिलात, तर तोही याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो.

पहिला नकाशा झाला की ए-३ कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या बाहेर किंवा पारावर लावा आणि शेजारी लाल पेन ठेवा. पंधरा दिवसांत लोक त्यावर खुणा करतात: इथं विहीर बुजली, ही वाट कुंपणानं बंद झाली, मंदिर या बाजूला नाही. त्या खुणा जाऊन बघायच्या आणि मग आयडीमध्ये भरायच्या. फरशीच्या खुणा मात्र पहिल्या पुरानंतर पुन्हा तपासा. आणि पेन सुतळीनं बांधून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी खिशात असतं.